हौदाच्या भिंतींवर तपकिरी डाग, आणि तपासणीत लोखंड शून्य?

वहीखाते

नमस्कार मंडळी. इथे घरच्या तलावाबद्दल लिहिणारे दोन-चार जण दिसले, म्हणून धीर करून विचारतेय. आमच्याकडे त्याला कुणी स्विमिंग पूल म्हणत नाही. सगळे हौद म्हणतात, मीही तेच लिहिणार. (नुसतं ‘पूल’ लिहिलं की मला खाली नदी दिसते.)

हौद ८ मीटर बाय ४ मीटर. उथळ टोकाला १.१ मीटर, खोल टोकाला १.७. सरासरी १.४ धरली तर ४५,००० लिटरला थोडं कमी. आतून पांढरं प्लास्टर, काठाला टाइलची एक ओळ, सँड फिल्टर, एक स्किमर (पाण्यावर तरंगणारा कचरा टोपलीत ओढून घेणारा), आणि सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी बसवलेला गॅसवरचा हीटर. मी नोकरीत असताना हिशेब तपासायचे. ती सवय गेलेली नाही, त्यामुळे हौदाचीही वही आहे आणि काय कधी घातलं ते तारखेनिशी सांगू शकते.

चार महिन्यांपूर्वी प्लास्टरच्या डागडुजीसाठी हौद पूर्ण रिकामा केला होता. परत भरायला नळाचं पाणी पुरेना, म्हणून बोअरचं भरलं. भरताना पाणी काचेसारखं होतं. संध्याकाळी नेहमीची क्लोरीन पावडर घातली. सकाळी पाहते तर पाणी हिरवं! गढूळ नाही हं, तळाच्या जाळीचे स्क्रू मोजता येत होते, पण हिरव्या बाटलीतून बघितल्यासारखं. शेवाळ समजून मी दुप्पट क्लोरीन ओतलं. मग ते तांबूस झालं आणि चार दिवसांत आपोआप निवळलं. मी खूश. आठवड्याने पायऱ्यांवर पिवळी झाक दिसायला लागली आणि महिन्याभरात सगळ्या हौदाला आतून कुणी पातळ गेरू फासल्यासारखं झालं. तळाच्या जाळीभोवती आणि पाणी परत येतं त्या तोंडांखाली जास्त.

ब्रशने घासून हात दुखले, डाग जागचा हलला नाही. ओळखीतल्या एकाने ‘बघा गंमत’ म्हणत एका कोपऱ्यात अ‍ॅसिड ओतलं. डाग गेला हे खरं, पण तिथलं प्लास्टर आता पॉलिश पेपरसारखं लागतं. नातीच्या पायाचं कातडं सोलवटलं. तो प्रयोग तिथेच थांबवला.

आता मूळ प्रश्न. सगळे म्हणतात हे लोखंड. पण तपासणीच्या पट्टीवर लोखंड शून्य येतं. दुसऱ्या बनावटीची पट्टी आणली, तिच्यावरही शून्य. पाण्यात नाहीच तर भिंतीवर आलं कुठून?

शिवाय दोन किरकोळ गोष्टी. हीटरमधून गरम पाणी येतं त्या तोंडाखाली निळसर-हिरवे ओघळ आहेत. आणि खोल बाजूच्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीखाली वीतभर, एक नाण्याएवढा गडद तांबडा ठिपका आहे, त्याला खाली शेपटी. त्या अ‍ॅसिडवाल्यांनी त्यालाही प्रसाद दिला होता. तो चार दिवसांत जसाच्या तसा परत आला.

ओला_टॉवेल

हिरवं पाणी म्हणजे शेवाळ. बाकी विचार करू नका. तिप्पट शॉक (एकदम भरपूर क्लोरीन) मारा, रात्रभर पंप चालू ठेवा, सकाळी चकाचक.

वहीखाते

दुप्पट मारून हे झालंय. तिप्पट मारून काय होईल याची कल्पना करवत नाही.

पंपवाला_बाबू

ताई, शॉक अजिबात नको. गेली एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे तलाव उपसतोय, त्यावरून सांगतो. शेवाळाचं हिरवं पाणी धुरकट असतं आणि भिंतीला हात लावला तर बुळबुळीत लागतं. पाणी हिरवं आणि तरी तळ स्पष्ट, असं असेल तर धातू. अशा वेळी क्लोरीन वाढवणं म्हणजे डाग पक्का करणं. तुम्ही नकळत तेच केलंत. वाईट वाटून घेऊ नका, माझी निम्मी गिऱ्हाइकं हेच करून मग मला फोन करतात.

काहीही ओतायच्या आधी डाग कशाचा ते ठरवा. तुमचे तीन डाग मला तीन वेगळे आजार वाटताहेत.

व्हिटॅमिन सीची साधी पांढरी गोळी घ्या, रंगीत नको. पायरीवरच्या डागावर पाण्याखालीच मिनिटभर दाबून धरा. गोळीखाली पांढरा गोल उमटला तर लोखंड. निळ्या ओघळावरही हेच करा. तांब्याचा डाग व्हिटॅमिन सीने कधी थोडा फिका होतो, कधी ढिम्म हलत नाही. त्याला सायट्रिक अ‍ॅसिड जास्त मानवतं. गोळीने काहीच झालं नाही आणि क्लोरीन लावल्यावर फिका पडला, तर तो पाल्यापाचोळ्याचा डाग, धातूचा नव्हे. काळपट-जांभळा असता तर मँगनीज म्हटलं असतं. बोअरमध्ये लोखंडाच्या जोडीला ते बरेचदा असतं.

आणि एक बादली. पांढरीच. तीत बोअरचं पाणी घ्या, बुचभर लिक्विड क्लोरीन टाका, तासभर ठेवा. शेजारी नळाच्या पाण्याची तशीच दुसरी बादली.

आता माझे प्रश्न. क्लोरीनच्या गोळ्या वापरता का? वापरत असाल तर ठेवता कुठे? पीएच किती? आणि घरात पांढऱ्या केसांचं कुणी रोज पोहतं का?

वहीखाते

शेवटचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. सासरे रोज डुंबतात आणि दीड महिन्यापासून त्यांचे केस हिरवट दिसताहेत. आम्ही शाम्पूला दोष देत होतो!

गोळीने पायरीवर बोटभर पांढराशुभ्र गोल उमटला. निळ्या ओघळावर फार फरक नाही, किंचित फिकटला. ठिपका फिका झाला, पण मधला बिंदू तसाच.

बादल्या: बोअरची दहा मिनिटांत पिवळी, तासाने तळाशी तांबडा गाळ. नळाची जशीच्या तशी. आणि बोअरचं ताजं पाणी थेट पट्टीवर घेतलं तर लोखंड ०.६ मिलिग्रॅम प्रति लिटर.

गोळ्या तीन महिन्यांपासून वापरतेय, कारण पावडरचा कंटाळा आला होता. ठेवते स्किमरच्या टोपलीत. पीएच आजचा ६.७. वही चाळली तर पावडर वापरायचे तेव्हा ७.६ होता आणि गोळ्यांनंतर दर आठवड्याला उतरत गेलाय. आकडे मीच लिहिले, मीच पाहिले नाहीत.

अर्धवट_रसायनी

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर देतो. शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे जरा फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं होईल, सांभाळून घ्या.

जमिनीखाली प्राणवायू जवळपास नसतो. तिथलं लोखंड फेरस रूपात, विरघळलेलं आणि बिनरंगी असतं. म्हणून बोअरचं पाणी भरताना स्वच्छ दिसतं. क्लोरीन त्याला फेरिक करतं आणि फेरिक लोखंड पाण्यात विरघळून राहू शकत नाही. ते गंजाच्या बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतं आणि जागा मिळेल तिथे बसतं. पाणी तांबूस होऊन ‘आपोआप’ निवळलं म्हणता ना, त्या चार दिवसांत लोखंड पाण्यातून उठून भिंतीवर जाऊन बसलं. पट्टी पाणी मोजते, भिंत मोजत नाही. तुमचं शून्य बरोबर आहे आणि डागही बरोबर आहेत.

किती लोखंड असेल? ४५,००० लिटर गुणिले ०.६ मिलिग्रॅम म्हणजे २७ ग्रॅम. बस. तळ आणि भिंती मिळून साधारण ६५ चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला अर्धा ग्रॅमसुद्धा नाही, आणि तेवढ्यात सगळा हौद रंगला. पिण्याच्या पाण्यातही लोखंड ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की धुतलेल्या कपड्यांवर डाग पडतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत नमूद आहे.

आता उपाय. व्हिटॅमिन सी म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड. ते क्लोरीनच्या बरोबर उलटं काम करतं, फेरिकला परत फेरस करतं. लोखंड विरघळतं, भिंत पांढरी होते. प्रमाण हजार लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला साधारण २७० ग्रॅम. निव्वळ पावडर घ्या, औषधी गोळ्या कुटत बसू नका.

पण आधी क्लोरीन उतरवायलाच हवं. का, ते आकड्यात सांगतो, तुम्हाला आवडेल. पाण्यात ३ पीपीएम (लिटरला ३ मिलिग्रॅम) क्लोरीन असेल तर एकूण १३५ ग्रॅम क्लोरीन झालं. एक ग्रॅम क्लोरीन मारायला अडीच ग्रॅम अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड खर्च होतं. म्हणजे साधारण ३३५ ग्रॅम नुसतं क्लोरीनशी मारामारी करण्यात संपेल आणि डागाला कणभरही उरणार नाही. ‘व्हिटॅमिन सी घातलं, काही झालं नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची कहाणी हीच असते.

पंपवाला_बाबू

सरांचं बरोबर. करताना हात कुठे पोळतो ते मी सांगतो.

आजपासून गोळ्या बंद, आणि उरलेल्या स्किमरमधून बाहेर काढा. ट्रायक्लोरची गोळी (तुमच्या त्या क्लोरीनच्या गोळ्या म्हणजे ट्रायक्लोर) विरघळते ते पाणी पीएच ३ च्या आसपासचं, म्हणजे चांगलंच आंबट. पंप बंद असताना ते टोपलीत साचतं. पंप चालू झाला की तो सगळा घोट फिल्टरमधून थेट हीटरच्या तांब्याच्या नळ्यांत. निळे ओघळ आणि आजोबांचे केस, दोन्ही तिथून आलेत. क्लोरीनने केस हिरवे होतात म्हणतात ते खोटं, ते तांबं असतं. काळ्या केसांवर दिसत नाही, पांढऱ्यांवर दिसतं. हीटर बायपास करा आणि उघडून बघून घ्या. गोळ्या तरंगत्या डब्यात ठेवल्या तर चालतात, पण त्यातून सायन्युरिक अ‍ॅसिड (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारा पदार्थ) साठत जातं. ते खूप वाढलं आणि पाण्यात तांबंही असलं तर जांभळे डाग येतात. ते काढताना मी देवाचा धावा केलेला आहे.

पीएच ६.७ वरून ७.१-७.२ पर्यंत खाण्याच्या सोड्याने हळूहळू आणा. वॉशिंग सोडा ओतून एकदम उडी मारू नका.

क्लोरीन घालणं थांबवा. ऊन असेल तर दोन-चार दिवसांत ते एकच्या खाली येतं. क्लोरीन नसलेल्या पाण्यात शेवाळाचं फावतं, म्हणून पॉलीक्वॉट ६० हे शेवाळनाशक आधी घाला. बाटली नीट वाचा, तांबं असलेलं शेवाळनाशक घेतलंत तर आगीतून फुफाट्यात. आणि क्लोरीन परत येईपर्यंत कुणी पाण्यात उतरायचं नाही, आजोबाही नाहीत.

पावडर बादलीत विरघळवून काठाकाठाने फिरत ओता. पंप चालू.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डाग गेला म्हणजे लोखंड गेलं असं नाही. ते पाण्यात परत आलंय. उद्या क्लोरीन घातलंत की परवा पुन्हा भिंतीवर. पण पाणी बदलायचं असेल तर हीच वेळ. डाग भिंतीवर असताना पाणी बदललं तर लोखंड घरातच राहतं आणि फक्त पाणी जातं. व्हिटॅमिन सी घातल्यावर, क्लोरीन घालायच्या आधी, झेपेल तेवढं पाणी काढा आणि बिनलोखंडाचं भरा. पूर्ण रिकामा मात्र करू नका. जमिनीतल्या पाण्याची पातळी वर असेल तर रिकामा हौद खालून उचलला जातो, तडे जातात.

भरायला एका दिवसाहून जास्त लागणार असेल तर आधी सिक्वेस्टरंटचा (धातूला पाण्यातच धरून ठेवणाऱ्या औषधाचा) अर्धा डोस घाला, उरलेला भरून झाल्यावर. मग क्लोरीन थोडं थोडं. पहिला आठवडा एकच्या आसपास ठेवा, पीएच ७.२ ते ७.४. तीन-चार आठवड्यांनी नेहमीवर या.

नळ_बंद_करा

सिक्वेस्टरंटबद्दल माझं मत जरा कडू आहे. ते धातू काढत नाही, नुसतं धरून ठेवतं. क्लोरीन आणि ऊन त्याला रोज थोडं थोडं खातात, म्हणून ते दर महिन्याला ओतत राहायचं. शिवाय त्यातलं एचईडीपी नावाचं रसायन मोडलं की त्यातून फॉस्फेट सुटतं. मग तुम्ही फॉस्फेट काढायचं औषध आणता आणि ते उरलेल्या सिक्वेस्टरंटलाच गिळतं. मी दोन वर्षं या रहाटगाडग्यात फिरलो. शेवटी बोअरचं पाणी आधी बाजूच्या टाकीत घ्यायला लागलो. तिथेच क्लोरीन घालायचं, रात्रभर गाळ बसू द्यायचा, आणि वरचं पाणी उशीत भरतात त्या पॉलिएस्टर कापसाच्या जाड थरातून हौदात सोडायचं. कापूस दोन तासांत विटकरी होतो. तो रंग भिंतीवर बसण्याऐवजी कापसात बसलेला बरा.

पंपवाला_बाबू

टाकीचं शंभर टक्के बरोबर. पण हौदात आधीच असलेल्या लोखंडाचं काय करणार? पाणी बदलून जे उरेल तेवढ्यापुरतं सिक्वेस्टरंट लागतंच. कुबडी आहे, पाय नव्हे, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

पाणीदार

माझा तलाव व्हिनाइल लायनरचा, म्हणजे आतून प्लास्टिकचं अस्तर असलेला आहे. डागावर क्लोरीन लावून बघायची चाचणी मीही करू का?

पंपवाला_बाबू

लायनरवर क्लोरीनचे दाणे अजिबात ठेवू नका, रंग उडेल आणि तो डाग कुठल्याच औषधाने जाणार नाही. व्हिटॅमिन सीची गोळी चालेल.

आणि हे सगळ्यांनाच. अ‍ॅसिड आणि क्लोरीन एका बादलीत, एका मगात, एका कपाटात नको. विषारी वायू सुटतो. दोन वेगवेगळ्या जातींची क्लोरीनंही एकत्र करू नका, ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट मिसळलं तर भडका उडू शकतो. अ‍ॅसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही.

वहीखाते

बारा दिवसांनी येतेय. वहीतून उतरवते, कंटाळा आला तर शेवटच्या परिच्छेदावर उडी मारा.

दिवस पहिला. गोळ्या बाहेर. टोपलीचं प्लास्टिक ठिसूळ झालंय, बोटाने तुकडा पडला. हीटर बायपास. क्लोरीन ४, पीएच ६.७. खाण्याचा सोडा घालायला सुरुवात.

दिवस चौथा, संध्याकाळ. क्लोरीन ०.५, पीएच ७.१. पॉलीक्वॉट घातलं. पाण्यावर थोडा फेस.

दिवस पाचवा, सकाळी नऊ. २७० ग्रॅम पावडर तोलून दोन बादल्यांत विरघळवली. सासरे खुर्ची टाकून बसले होते, नात घड्याळ घेऊन. पायऱ्यांवर ओतलं तिथे वीस मिनिटांत काहीतरी सुटायला लागलं. धुराचे पिवळसर लोट भिंतीवरून उठावेत तसं, आणि खाली पांढरं. मी इतके महिने ज्याला घासत होते ते असं न सांगता निघून जाताना बघून जरा अपमानच वाटला. साडेअकरापर्यंत उथळ बाजू स्वच्छ. दुपारी दोनला तळाच्या जाळीभोवतीचा काळपट भागही गेला. पाण्यावर फिकट हिरवी झाक.

अडीच वाजता पट्टी बुडवली. लोखंड ०.५!

चार महिन्यांत पहिल्यांदा शून्य नाही आलं. भरलं तेव्हा ०.६ होतं, त्यातलं ०.५ परत जमेला दिसलं. उरलेलं बॅकवॉशमधून (फिल्टर उलट्या पाण्याने धुताना) गेलं असेल किंवा त्या अ‍ॅसिडवाल्यांच्या कोपऱ्यातून. हिशेबाचा ताळा असा भर दुपारी पाण्यात जुळताना मी आयुष्यात पाहिला नव्हता.

त्याच संध्याकाळी सिक्वेस्टरंटचा अर्धा डोस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाणी काढलं. ६० सेंटिमीटर खाली, म्हणजे १९,२०० लिटर. फक्त नळाने भरायला तीन दिवस लागले. भरल्यावर लोखंड ०.३. (०.५ चे ५७ टक्के म्हणजे ०.२८. पट्टीला एवढं बारीक दिसत नसावं.) मग उरलेला डोस.

पहिल्या दिवशी घातलेलं क्लोरीन दोन तासांत गायब झालं, तेव्हा घाबरले. सरांचं गणित आठवलं, उरलेलं व्हिटॅमिन सी ते खात होतं. तिसऱ्या दिवशी क्लोरीन टिकायला लागलं. आज क्लोरीन १, पीएच ७.३, भिंती पांढऱ्या.

हीटर उघडला. आतल्या तांब्याच्या नळ्या काही ठिकाणी इतक्या झिजल्यात की बसवणारा माणूस म्हणाला, अजून एक उन्हाळा निघाला नसता. निळे ओघळ व्हिटॅमिन सीने निम्मे गेले. पाणी खाली होतं तेव्हा उघड्या पडलेल्या ओघळांवर सायट्रिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेलं फडकं तासभर चिकटवून ठेवलं, तेव्हा बाकीचे गेले.

आता एक गोष्ट मीच शोधली, तुमच्यापैकी कुणी सांगितली नाहीत म्हणून जरा मिरवते. उन्हाळ्यात आमच्या हौदाचं पाणी दिवसाला ५ मिलिमीटर उतरतं. म्हणजे १६० लिटर. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, लोखंड मागेच राहतं. ती तूट मी बोअरने भरून काढत होते. १६० लिटरमागे ९६ मिलिग्रॅम लोखंड रोज, शंभर दिवसांत साडेनऊ ग्रॅमच्या वर. म्हणजे मी काही न करता, नुसती पातळी राखत, ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटरची भर घातली असती आणि डाग पुन्हा आले की औषधाला नावं ठेवली असती. आता बोअरच्या नळाला कुलूप आहे. पावसाचं पाणी पन्हाळीतून एका टाकीत घ्यायचा विचार चालू आहे. कापसाची युक्तीही लागेल तेव्हा करणार.

राहिला ठिपका. बाकी सगळा हौद पांढरा झाला आणि हा पठ्ठ्या त्यानंतर पाचव्या दिवशी पुन्हा हजर.

पंपवाला_बाबू

मला वाटलंच होतं. पाण्यातल्या लोखंडाचा डाग पसरट असतो. एकाच जागी, तेवढाच, शेपटीसकट परत येतो तो आतून येतो. सळई किंवा सळया बांधायची तार प्लास्टरच्या फार जवळ राहिली असणार. त्याला कितीही औषध लावा, मागून पुरवठा चालूच. दोरीला लोहचुंबक बांधून तिथे लावून बघा. वीतभरच खाली आहे ना? पाणी खाली होतं तेव्हाच सांगायला हवं होतं मी, चुकलंच. आता फूटभर पाणी उतरवलंत तरी हात पोचेल.

अर्धवट_रसायनी

वाफेचं गणित पुढच्या वर्षी वर्गात घालतो. श्रेय ‘एक हिशेबनीस बाई’ असं देईन, चालेल ना?

अवांतर: आजोबांच्या केसांचं काय झालं?

वहीखाते

चालेल, पण ‘निवृत्त’ लावा.

चुंबक टक्कन चिकटलं. पाणी दीड फूट उतरवलं आणि गवंड्याकडून ठिपका कोरून घेतला. दोन सेंटिमीटरवर बांधायच्या तारेचं वाकडं टोक निघालं, करंगळीच्या नखाएवढं. त्याने ते आणखी दोन-तीन सेंटिमीटर आतपर्यंत कापलं आणि पाण्यात घट्ट होणारं सिमेंट भरून वरून प्लास्टरचा हात दिला. तारेचा तुकडा वहीत चिकटपट्टीने लावून ठेवलाय.

केसांना रुग्णालयातल्यासारखी ट्रीटमेंट द्यायची नातीची इच्छा होती, तिने व्हिटॅमिन सीची पेस्टसुद्धा कालवली होती. सासऱ्यांनी सरळ न्हाव्याकडे जाऊन डोकं बारीक करून घेतलं. आता काठावर बसून सांगतात की ते थिगळ बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरं दिसतंय, तोही डागच आहे, लिहून घे. लिहून घेतलंय. ते जुळायला किती दिवस लागतात?

पंपवाला_बाबू

पहिले काही महिने ते वेगळं दिसणारच, नवं प्लास्टर असतं. त्यावर पहिला महिना तारेचा ब्रश नको, नायलॉनचाच, आणि हलक्या हाताने. आजोबांना म्हणावं, तिकडे पाठ करून पोहा.